हिरव्या पुस्तकांचा मोकळा श्वास

३ मार्च
ग्रंथपाल मॅडम महिनाभर रजेवर. दुर्मिळ विभागाच्या किल्ल्या आजपासून माझ्याकडे. मागच्या कपाटात हिरव्या कापडी बांधणीची जुनी पुस्तकं, एकेक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद. बिचाऱ्यांचा जीव गुदमरला असेल. संकल्प: मॅडम यायच्या आत सगळी मोकळी करायची. प्रमोशन आपोआप चालून येईल.

४ मार्च
मॅडमचा फोन. हिरव्या पुस्तकांच्या पिशव्या अजिबात उघडू नका म्हणाल्या, कारण... पुढचं ऐकलं नाही. तुम्ही निश्चिंत राहा म्हटलं आणि ठेवला. श्रेय दुसऱ्याला जाईल ही धास्ती, दुसरं काय!

५ मार्च
पहिली पिशवी उघडली. रंग काय टवटवीत! हातमोजे घातले नाहीत. माझ्या बोटांना पुस्तक कळतं. पानं ठिसूळ, एकमेकांना चिकटलेली. बोट जिभेला लावून उलटली की अलगद सुटतात. ही कला आता कुणाकडे उरली आहे?

९ मार्च
अर्धं कपाट मोकळं. एक निरीक्षण: शेजारच्या कपाटात वाळवी, झुरळं, सगळा गोतावळा. हिरव्या पुस्तकांकडे एक किडा फिरकत नाही. जुन्या लोकांचं काम म्हणजे काम! पोटात दुखतंय. कॅन्टीनचा चहा बंद.

१२ मार्च
चहा सोडूनही पोट तसंच. तोंडात नाणं ठेवल्यासारखी चव. बायको म्हणाली, अहो, नखं हिरवी कशी? ऑफिसात रंगकाम चालू आहे अशी थाप मारली. तिने लहान मुलाचे धुवावेत तसे माझे हात साबणाने घासून दिले. बरं वाटलं.

१६ मार्च
कपाट फत्ते! सगळी पुस्तकं टेबलांवर उघडी मांडली. खाली हिरवी भुकटी सांडली होती, फुंकर मारून साफ केली. खिडकीत पाल मरून पडलेली. उन्हाळा यंदा लवकर आला. बोटांवर चट्टे उठलेत. मेहनतीची खूण.

१७ मार्च
दांडी. उठवतच नाही. संकल्प: उद्यापासून पहाटे फिरायला जाणे.

१८ मार्च
फिरणं रद्द. कसाबसा ऑफिसला पोचलो. मॅडम रजा अर्धवट टाकून आलेल्या. तोंडाला मास्क, हातात मोजे. उघडी पुस्तकं बघून दारातच थांबल्या. मला वाटलं, भारावल्या.
ओरडल्या नाहीत. हळूच विचारलं, पानं उलटताना बोट जिभेला लावता का? मी अभिमानाने हो म्हणालो.
मग म्हणाल्या, त्या हिरव्या रंगात सोमल आहे. जहाल विष. पिशव्या पुस्तकांना जपायला नव्हत्या, आपल्याला जपायला होत्या. फोनवर तेच सांगत होते.

१९ मार्च, हॉस्पिटल
रक्त घेऊन गेले. रिपोर्ट उद्या. पुस्तकं परत पिशव्यांत गेली. माझा शर्ट, डबा, चष्म्याचं घरही गेलं. ही डायरीसुद्धा आता पिशवीत जाणार. बायको हातमोजे घालून माझा हात धरून बसली आहे. मी घाबरलोय. मॅडम भेटून गेल्या, प्रमोशनचं काही बोलल्या नाहीत.
संकल्प: इथून सुटलो की नवा माणूस. समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायचं. पुस्तकाला नुसत्या हाताने शिवायचं नाही. आणि ती जुनी सवय तर या क्षणापासून बंद.
इथे पान संपलं. उलटायला बोट जिभेला लावलं, आणि बायको किंचाळली.