बाहीतला झोळ

सोमवार, ४ मार्च

आजही पाचवा धडा उघडला नि मिटला. शिवणाचा हा ऑनलाइन कोर्स घेऊन दोन महिने झाले, तिसापैकी चार धडे! चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, सगळे नजरेच्या मापानं. कागदावर रीतसर आखून कापायचं तेवढं राहिलं होतं, मरायच्या आधी शिकावं म्हटलं. पडद्यावरच्या बाई विचारतात, "समजलं ना?" मी म्हणते, "नाही हो!" — आणि बाई खुशाल पुढे!

बुधवार, ६ मार्च

सुनेला सांगितलं, माझं नाव काढून टाक. म्हणाली, "अहो आई, आपल्या सवडीनं शिकायचं असतं ते. कुणी मागे लागत नाही."

तेच तर दुखणं! दुकानात आम्ही चौघी होतो. एकीची टीप वाकडी गेली की तिघी खदाखदा हसायच्या. त्या हसण्यापायीच हात सरळ झाला. इथे टीप वाकडी गेली काय नि सरळ गेली काय, बघतंय कोण?

"रविवारी काढते. तोवर विचार करा," म्हणाली.

शुक्रवार, ८ मार्च

मशीनवर चादर घातली.

शनिवार, ९ मार्च

शेवटचं बघावं म्हणून पाचवा धडा उघडला. बोट सरकलं ते पार खाली गेलं. तिथे प्रश्न विचारायची जागा आहे — मला पत्ताच नव्हता! एकच प्रश्न, तोही तीन वर्षांपूर्वीचा. "बाही लावताना झोळ येतो. चारदा उसवली. कुणी सांगेल का?"

कुणीही सांगितलेलं नाही. तीन वर्षं ती पोरगी उसवलेली बाही हातात धरून बसलीय, असं डोळ्यांपुढे आलं.

एका बोटानं लिहिलं, तास गेला. "बाळ, तुझं चुकलं नाही. बाही मुंढ्यापेक्षा, म्हणजे ती जोडतो त्या गोलापेक्षा, जरा मोठीच कापतात. जास्तीचं कापड खांद्याकडे थोडं थोडं जिरव. आधी हातानं कच्चे टाके, मग मशीन. घाई नको. — एक म्हातारी, पाचवा धडा."

सून हसली. "आई, ती कधीच सोडून गेली असेल!"

असेल. वरातीमागून घोडं! पण येत असून गप्प बसायचं? ते नाही जमत मला.

"मग उद्या नाव काढू ना?"

काढ म्हटलं.

रविवार, १० मार्च

सून सकाळीच फोन घेऊन धावत आली. उत्तर आलंय!

"ताई, तेव्हाच सोडलं होतं. काल फोनवर तुमचं उत्तर आलं, ते वाचून मशीन माळ्यावरून काढलं. झोळ गेला! फक्त — मी बासष्ट वर्षांचा आहे, बस चालवायचो. 'बाळ' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. पाचवा धडा परत बघतोय. थांबाल?"

चादर काढली. बाळाला कळवलं — थांबते. पण टीप वाकडी गेली तर हसणार हं!