खिडकीखालचा बिननंबरी ठोकळा

मेहुणेबुवा रेक्सफर्ड यांना डेल्मरचा सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवा. आम्ही उभयता ठीक आहोत आणि मुख्य म्हणजे तुरुंगाबाहेर आहोत. आज तुमचे आभार मानायलाच बसलोय.

माझ्या वाढदिवसाला तुम्ही आयडाहोहून रायफलचा अर्धवट सांगाडा पाठवलात (म्हणजे भोकं पाडायची राहिलेला अॅल्युमिनियमचा ठोकळा, वर चिठ्ठी, "सवडीने पूर्ण करा"). माझ्या हाती ड्रिल दिलं तर काय होतं, हे तुमच्या बहिणीला आमच्या पलंगावरून ठाऊक आहे. म्हणून नदीनने तो ठोकळा परस्पर स्वयंपाकघरातल्या खिडकीला आधार म्हणून लावला. ती खिडकी वर उचलली की धप्पकन खाली यायची. ठोकळ्यामुळे उघडी राहायला लागली. मी तर तो विसरूनही गेलो.

मग परवा मार्लिस आली. ही आता शेरिफच्या कचेरीत आहे. लहानपणी मी चालवतो त्याच बसने शाळेला जायची. अग्निशमन दलाच्या मदतीसाठी भरणाऱ्या विक्रीकरता नदीनचा हकलबेरीचा जाम न्यायला आली आणि बाटल्या खोक्यात भरता भरता थांबली.

"डेल्मरकाका, ही खिडकी कशावर टेकवलीय?"

मी हसत म्हणालो, "तो नुसता ठोकळा आहे गं. त्याने खारसुद्धा मरायची नाही."

"कायद्याला खार मारायची नाहीये, काका. आयडाहोत चालत असेल, पण आपल्या राज्यात आता अर्धवट सांगाडासुद्धा कोरलेल्या नंबराशिवाय घरात ठेवता येत नाही. गुन्हा आहे तो."

नावावर गुन्हा लागला की शाळेची बस गेली, आणि बस गेली की मी सकाळी उठून करायचं काय? मी तोंड उघडणार, तेवढ्यात नदीन हात पुसत मधे येऊन उभी राहिली. "खिडकी माझी, ठोकळा मी लावला. लिहायचं तर माझं नाव लिही. ह्यांना त्यातलं काही कळत नाही."

रेक्सफर्ड, लग्नाला इतकी वर्षं झाली, माझी कुठलीही गोष्ट ह्या बाईने कधी आपली म्हटली नव्हती. (तिचं ते शेवटचं वाक्य मी मनावर घेत नाही.) मार्लिसने हातातली बाटली खोक्यात ठेवली. मग म्हणाली, "मावशी, नाव नाही लिहीत. आत्ताच्या आत्ता बंदुकांच्या परवानावाल्या दुकानात चला, मी मागून येते."

दुकानदार ऑर्टोलानोने माझ्या नावावर गुन्हे नाहीत ना, ही पोलिसांकडची चौकशी होईपर्यंत ठोकळा ठेवून घेतला. उत्तर येईस्तोवर मला जेवण गेलं नाही. काल ते आलं, त्याने ठोकळ्यावर नंबर कोरून दिला, आणि मी आज पुन्हा बस चालवली. मार्लिसचे उपकार आहेतच. पण तुम्ही ती भेट दिली नसती, तर बायको माझ्यासाठी पुढे होईल हे मला मरेपर्यंत कळलं नसतं. मनापासून आभार.

तुमचा,
डेल्मर

ता. क. नदीनने पत्र वाचलं. ती म्हणते, मी दिवसभर घरात बसलो असतो, त्यापेक्षा तिला तुरुंग परवडला असता.

आणखी एक. थँक्सगिव्हिंगला येताना, असले आणखी ठोकळे असतील तर कृपया नदीच्या पलीकडे, तुमच्या आयडाहोतच ठेवून या. तुमच्यासाठी नदीन पुढे होणार नाही. मी विचारून घेतलंय.