उजव्या हाताची दहा मिनिटं

तीर्थपुरी,
९ जानेवारी २०२४

चि. राजानंद यास,
अक्काचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

लकवा झाल्यापासून जीभ अडखळते म्हणून तू फोन घेत नाहीस, तर चिठ्ठी तरी घेशील. तुझी रूपाली फोनवर सांगत होती, दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं उजवा हात भिंतीवरून वर सरकवायचा आणि खाटेपासून दारापर्यंत चालायचं, एवढंच डॉक्टरांनी सांगितलंय. आणि तू भिंतीकडं तोंड करून पडतोस म्हणे. अरे, सेहेचाळीस म्हणजे काही म्हातारपण नव्हे. शाळा बुडवायला पोट दुखतं म्हणायचास, तसलं आता चालायचं न्हाई. मास्तरीण आहे मी.

उत्तर डाव्या हातानं लिही. अक्षर तुझं उजव्यानंही वाईटच होतं.

बायकोशी नीट बोलत जा. माझी माया आहेच, ती जाणून राहा.
तुझी अक्का,
दैवशाला

अंकुशनगर,
२८ जानेवारी २०२४

ती. अक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

एवढं लिहायला आठ दिवस लागले, हसू नको.

कारखान्याच्या काट्यावर बारा-बारा तास बसून उसाच्या गाड्यांची वजनं घेतली. दोन वर्षांमागं बीपी निघाल्तं, तवा डॉक्टर म्हणले, जेवल्यावर दहा मिनिटं चालत जा. मी म्हणलं, सीझनमध्ये पाणी प्यायला टाइम न्हाई, चालता कुठं. खोटं बोललो अक्का. टाइम होता. चहाला बसायचो, पत्ते खेळायचो. आता भिंतीला हात टेकवला की हेच आठवतं, मंग पडून राहतो.

रूपाली म्हणती, शाळेच्या पायऱ्या चढताना तुला धाप लागती. हे तू लिहिलं न्हाईस.

वेडंवाकडं पोटात घाल.
राजा

तीर्थपुरी,
१८ फेब्रुवारी २०२४

चि. राजा,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस वर्गात लक्ष लागलं नाही. मला तीन वर्षांपासून शुगर आहे, घरात कुणाला बोलले नाही. शाळा, स्वयंपाक, सासूबाईंचं अंथरूण. स्वतःसाठी उठायचं राहूनच गेलं. पोरांची कवायतसुद्धा खुर्चीत बसून घेते, आणि तुला शहाणपण शिकवत होते.

आता मधल्या सुट्टीत मैदानाला फेऱ्या मारते. पहिल्या दिवशी दुसऱ्याच फेरीला लिंबाखाली बसले आणि तुझी खाट डोळ्यांसमोर आली. आता चार फेऱ्या होतात. तूही ऊठ. आईबापांमागं आपण दोघंच उरलोय.

जीव लावून आहे, तसाच तूही लाव.
अक्का

अंकुशनगर,
१० मार्च २०२४

ती. अक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

तू बसलीस हे वाचून भ्यालो. त्या दिवसापासून तीन टाइम बराबर करून राह्यलो. पाय सुधरला, परवा काठीबिगर गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. वळताना थांबावं लागलं, पण आलो.

हाताचं वेगळं आहे. जालन्याला दवाखान्यात रूपाली औषध आणायला खाली गेल्ती, तवा मी डॉक्टरांना विचारलं. ते सरळ बोलले, बोटं आता पहिल्यासारखी चालायची न्हाईत. आखडू नयेत एवढ्यासाठीच करत राहा. सुरुवातीचे दोन महिने महत्त्वाचे होते म्हणे. ते मी भिंतीकडं बघत घालवले. काट्यावर आता दुसरा माणूस बसतो.

तू फेऱ्या सोडू नको, काही झालं तरी. शुगरचं घरात सांग.

रूपालीला मी डॉक्टरांचं सांगितलेलं न्हाई. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला ती हातातलं काम टाकून येती, माझा हात धरून वर नेती, आणि म्हणती, आज जरा जास्त उचलला. मी व्हय म्हणतो. तूही तिला बोलू नको.

माया कमी करू नको.
राजा