कळप कशानं आटला

आबा, तू होतास तोवर तुम्ही-तुम्ही केलं. तुला जाऊन वीस वर्षं झाली, आता तू म्हणते. राग आला तर ये उठून.

मी दुबईत, बर दुबई भागात, एका पुण्याच्या कुटुंबाकडे स्वयंपाकाला आहे. त्यांची मुलगी सहावीत. तिला शाळेत रेनडिअरचं प्रोजेक्ट दिलं होतं. बर्फातलं जनावर, हरणासारखं, कळपानं चालतं. ते कळप आटत चाललेत, आणि का आटले ते तिला मोठ्या कागदावर चिकटवायचं होतं. मी शेजारी बसून मसाल्याचं दगडफूल निवडत होते. ती ओरडली, "मावशी, दे ईट दिस! म्हणजे असंच समथिंग." तिकडे थंडीत बर्फाखाली दगडफुलासारखं असतं, ते खुरानं उकरून खातात म्हणे. पण आता भर थंडीत मध्येच पाऊस पडतो, तो बर्फावरच गोठून काचेसारखा कडक होतो, खूर चालत नाही. चारा पायाखाली आणि जनावर उपाशी. माझा हातच थांबला. म्हटलं, अजून काय? ती वाचत गेली. जंगल तोडलं, तेलाचे पाइप टाकले, रस्ते केले. पाडस पाठीशी असलेली मादी रस्त्याला बुजते, आणि लांडगा त्याच रस्त्यानं आरामात येतो. उन्हाळ्यात माशा एवढ्या चावतात की चरायला उसंत नाही. "सो देअर इज नो वन रीझन, मावशी."

मी विचारलं, "यात पांढऱ्या पायाची पोरगी कुठं लिहिलीय?"

"इज दॅट अ डिझीज?"

"हो," म्हटलं, "बापाकडून लागतो."

आठवतंय का तुला? त्या साली चैत्रात पाऊस आठ दिवस हटला नाही, मेंढरांची खुरं सडली. मी नऊ वर्षांची. भाकरीचं गठुळं डोक्यावर घेऊन मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीपाशी येते, आणि तेवढ्यात एक मेंढी मेलेलं कोकरू टाकते. तू सगळ्या मेंढक्यांसमोर माझ्या पायांकडे काठी रोखतोस. "पांढऱ्या पायाची! जाळीच्या आत आलीस तर तंगडं तोडीन." आईनं दगड घेऊन माझे पाय घासले, रक्त येईस्तोवर, जसा काही रंग निघणार होता. काळेकुट्ट पाय माझे. पुढं मेंढ्या व्यायच्या दिवसांत दरसाल मला आत्याकडे हाकललंस. शाळा तिसरीतच खलास.

माळाला तारेचं कुंपण पडलं, ते माझ्या पायांनी? उरलेला माळ नांगरून ऊस लावला, तो मी लावला? वाटेत नवा रस्ता झाला आणि एका सकाळी ट्रकनं अर्धा कळप चिरडला, तो ट्रक मी चालवत होते? तुला सगळं दिसत होतं, आबा. मेंढीच्या कानाला हात लावून ताप ओळखणारा माणूस तू, तुला काय दिसत नव्हतं? पण ट्रकवाल्याला शिवी द्यायला छाती लागते. पोरीला द्यायला नाही लागत. ते बर्फातलं जनावर तरी बरं, मेलं तर आपल्या पोरीच्या नावानं मरत नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी तुला कोण वाचून दाखवणार होतं. वाटलं, एकदा लिहून टाकलं की मोकळी होईन. पण खरं सांगते. ते प्रोजेक्ट होऊन महिना झाला. मागच्या आठवड्यात मॅडमची बहीण दवाखान्यातून बाळ घेऊन घरी आली. दारातच मॅडम म्हणाल्या, "मावशी, या ना, तुम्ही घ्या आधी. तुमच्या हातानं आत न्या." मी स्वयंपाकघरातूनच म्हटलं, हात कणकेचे आहेत.

कणीक मळायला घेतलीच नव्हती.