दुसऱ्या गिअरचा आवाज

अण्णा, मी घाटात अडकलेय. निम्मा घाट उतरलाय, निम्मा अजून खाली आहे आणि गाडीचे ब्रेक तापून लागेनासे झालेत. पुढच्या चाकांतून जळका वास येतोय. वळणावर पेडल दाबलं तर ते नुसतंच खाली गेलं. हँडब्रेक ओढत, डोंगराच्या बाजूच्या मातीत चाकं घासत गाडी कशीबशी थांबवली. खाली कोकणात, दवाखान्यात, तुमच्या नातीला, माझ्या लेकीला, ऑपरेशनला नेतायत. बाळ आडवं आहे आणि दिवसही भरलेले नाहीत. जावयांचा फोन आला होता, "आई, कुठवर आलात? ती सारखी तुम्हालाच विचारतेय." सोलापुरातून मी एकटीच निघाले. त्या फोननंतर घाईत उतारालाही चौथ्या गिअरवरच राहिले आणि ब्रेकवरचा पाय काढलाच नाही. समोरून घाट चढणारा एक टेम्पोवाला थांबून सांगून गेला, "ताई, चाकावर पाणी ओतू नका. अर्धा तास गार होऊ द्या, मग दुसऱ्या गिअरवर उतरा." अर्धा तास! तोवर तिकडे काय होईल?

आपल्या गावात घाट कुठला? म्हणून तुम्ही मला रेल्वेवरून जाणाऱ्या पुलाच्या उतारावर गाडी शिकवलीत, मंद्रूपच्या बाजाराला माणसं नेणाऱ्या तुमच्या जीपवर. बाकीचे जीपवाले डिझेल वाचवायला पूल उतरताना गाडी न्यूट्रल करायचे. तुम्ही तेवढ्याशा उतारालाही गिअरमध्येच, म्हणून शेजारून सुसाट जाताना ओरडायचे, "अण्णा, डिझेल लई झालंय व्हय?" तुम्ही हसताय. मी दुसरा गिअर टाकते, इंजिन एकदम किंचाळतं, मी घाबरून क्लच दाबते आणि जीप सुटते. "पाय काढ की! आवाजाला काय भितीस? ती वरडत न्हाय, तुला धरून ठेवतीया." मी पुन्हा दाबते. तुम्ही जीप वळवून पुन्हा पुलावर नेता.

आता मला तो आवाज ऐकायचाय, आणि ऐकायची भीतीही वाटतेय. या गाडीत तो तसाच येईल ना? पाय काढला आणि तिनं धरलंच नाही तर? मोबाईलला रेंज नाही. आणि असती तरी, तुम्ही गेल्यावर हे लिहिलेलं पाठवायचं कुठं? चाकं गार होईतो नुसती अक्षरं दाबत बसलेय. वास कमी झालाय, चाकाजवळ हात नेऊन पाहिला. निघायला हवं, माझी लेक आत एकटी आहे.

एक सांगते. हे सगळं मी डाव्या सीटवर बसून लिहितेय. गाडी थांबल्यावर उतरले, वळसा घालून इकडे आले आणि दार ओढून घेतलं. स्टिअरिंगपुढची जागा तुमच्यासाठी मोकळी ठेवलीय.