पहिल्यापासूनच विरोध

१२ मार्च
ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझा लेक काल सैन्यात नाव नोंदवून थेट माझ्या सलूनमध्ये आला. केस मीच बारीक कापले. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या, आरशाला त्याचा फोटो लावला. तू नको म्हणालीस म्हणून गेल्या आठवड्यात तो मला विचारायला आला होता. मी जा म्हणालो. शेजारचा शिंपी म्हणतो, युद्ध दोन महिन्यांत आटोपेल. तुला मात्र लोक भित्री म्हणतात, तेव्हा चारचौघांत जरा तोंड आवर.

रागावलीस तरी लोभ असू दे.
धाकटा

२ एप्रिल
चि. धाकट्यास, अ. उ. आ.

भित्री तर भित्री. जिन्यातल्या बायकांनी बोलणं टाकलंय. वस्तऱ्याखाली मान देणाऱ्याशी वाद घालायचा नाही, हा बाबांचा नियम तू पाळतोस. पण माझा मुलगा तुझं गिऱ्हाईक नव्हता रे! तुला स्वतःला काय वाटतं, ते तरी त्याला सांगायचंस.

पत्र टाकत जा, भांडायला कुणीतरी हवं.
ताई

दोन वर्षांनी, ९ जुलै
ती. ताईस, सा. न. वि. वि.

पाय गेला, पण तो घरी आला. जीव भांड्यात पडला. लाजेने भेटायला आलो नाही. हल्ली खुर्चीत बसेल तो म्हणतो, आपला पहिल्यापासूनच विरोध होता. शिंपी तर म्हणतो, गेले ते मूर्ख. मी मान डोलावतो. भाच्याचा आरशावरचा फोटोही उतरवून ठेवलाय. त्याचे केस वाढले असतील. सुट्टीच्या दिवशी मागच्या दाराने घेऊन ये.

माया कमी करू नकोस.
धाकटा

१४ जुलै
चि. धाकट्यास, अ. उ. आ.

आम्ही शनिवारी येऊ, ऐन गर्दीत, पुढच्या दाराने. बायका आता म्हणतात, तुमचंच खरं ठरलं. ते खरं घेऊन मी काय करू? युद्ध मला तेव्हाही नको होतं, पण माझ्या पोराला मूर्ख म्हणणाऱ्याची गाठ माझ्याशी आहे. मामा का येत नाही, असं तो रोज विचारतो. उत्तर तूच दे.

प्रकृतीला जप.
ताई

२० जुलै
ती. ताईस, सा. न. वि. वि.

काल तू त्याला सोडून औषधं आणायला गेलीस, तेवढ्यात घडलं ते कळवतो. शिंप्याची दाढी अर्धी झाली होती. त्याने भाच्याला विचारलं, कुणी सांगितलं होतं जायला? मी वस्तरा खाली ठेवला आणि म्हणालो, मी. आणि टाळ्या तुम्ही वाजवल्या होत्या. शिंपी तोंडाचा फेस पुसून निघून गेला, पाठोपाठ आणखी दोघे.

मग भाचा म्हणाला, मामा, तू नको म्हणाला असतास तरी मी गेलोच असतो. खरं बोलला की माझं मन राखलं, विचारायचा धीर झाला नाही. तू आई आहेस, तुला ठाऊक असेल. मला कळवू नकोस.

तुझ्या मायेचा भुकेला,
धाकटा