कमरजहांचा गृहपाठ

७ जुलै, सोमवार

पिशवी घरी आली. तिच्या शाळेतल्या सरोजिनीबाई स्वतः घेऊन आल्या, कात्रजहून, बसने. शाळेतलं कमरजहांचं कपाट रिकामं केलं म्हणे. चष्म्याची केस, डबा, थंडीतली शाल. आणि तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते.

मी म्हटलं, हे का परत? हे तर शिकवायला लागतं.

"तो तास बंद झाला, मकसूदभाई."

कुणा पालकाने तक्रार केली. नवे मुख्याध्यापक म्हणाले, नसती भानगड नको. आता मुलींना हॉलमध्ये डॉक्टरीणबाईंचं व्याख्यान, मुलगे मैदानावर. पुस्तकातला धडा घरी वाचायचा.

आमची नात मिसबा यंदा दहावीत. त्याच शाळेत. कमरजहांने इतकी वर्षं सगळ्यांची पोरं शिकवली — आणि नेमकी तिची नात बसेल तेव्हा तास नाही!

ईदनंतर गेली ती. पिशवी अजून खुंटीवर आहे.

८ जुलै, मंगळवार

ते मीच शिवलं होतं. लाल मखमल, आत गुलाबी अस्तर, दोन बाजूंना दोन नळ्या, टोकाला कापसाचे गोळे. तेव्हा लष्कर भागात माझं शाळेच्या गणवेशांचं दुकान होतं. ती कागदावर बेतलेली आकृती घेऊन आली. शिवाल का? म्हटलं, शिवतो. काय आहे ते विचारलं नाही. मला वाटलं, बैलाचं तोंड असेल. पोळ्याचं.

दुसऱ्या दिवशी तयार करून दिलं. सगळीकडून टीप घातलेली, एक धागा बाहेर नाही. तिने उलटसुलट करून पाहिलं आणि जी हसत सुटली! घरात आम्ही हिंदीच बोलतो, पण माझी फिरकी घ्यायची झाली की ती शाळेतल्या मराठीवर यायची.

"अहो तांबोळी, सगळं बंद केलंत. मूल बाहेर कुठून येणार?"

कान तापले माझे. खालची शिवण उसवून दिली. मान वर न करता.

त्यावर आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही. मखमल विटली की नवीन लावून द्यायचो, बस.

१० जुलै, गुरुवार

दोनदा उठलो. ते इथेही लिहीत नाही.

सुनेने — मेहजबीनने — विचारलं, अब्बा, बाथरूममध्ये इतकं पाणी का टाकता? म्हटलं, उकडतंय.

१२ जुलै, शनिवार

कबरस्तानात जाऊन आलो. गवत वाढलंय.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तिचं अंगावरून जायला लागलं होतं. पाळी बंद होऊन किती वर्षं झाली होती! तरी बोलली नाही. दुपट्ट्याचे तुकडे करून वापरायची, हे मेहजबीनला नंतर कळलं. चक्कर येऊन पडली तेव्हा दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टर म्हणाल्या, गर्भाशयाचा कॅन्सर आहे, थोडं आधी यायला हवं होतं. थोडं आधी. हे दोन शब्द मी रोज ऐकतो.

वर्गात चाळीस-पन्नास पोरांसमोर न अडखळता बोलायची. घरात चार माणसं, आणि एकालाही सांगता आलं नाही?

रागच येतो. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. येतो.

१५ जुलै, मंगळवार

मिसबाने पिशवी उघडली. म्हणाली, दादा, हे दादीचं गर्भाशय ना? मी पटकन दाराकडे पाहिलं, कुणी ऐकलं का. तिच्या ते लक्षात आलं. मखमलीवरून हात फिरवत बसली.

मग म्हणाली, शनिवारी पालकसभा आहे, पप्पांना खराडीच्या ऑफिसातून वेळ मिळणार नाही. तुम्ही जाल?

मी सभेत कधी तोंड उघडलेलं नाही. दुकानातही गिऱ्हाईकच बोलायचं.

१९ जुलै, शनिवार

गेलो. पिशवी बरोबर नेली, का ते ठाऊक नाही.

मुख्याध्यापक माणूस वाईट नाही, घाबरलेला आहे. सहामाहीचं झालं, बसचं झालं. मग सरोजिनीबाईंनी विषय काढला. आमोद म्हणून मुलगा आहे वर्गात, त्याचे वडील उठून म्हणाले, आम्हाला कुठे कुणी शिकवलं होतं? आमचं काही अडलं का? हशा झाला. सरोजिनीबाई शांतपणे म्हणाल्या, ते आपण तुमच्या मिसेसना विचारू. त्यावर बायका जास्त हसल्या. आमोदचे वडील खाली बसले, पण विषयही तिथेच बसला. मुख्याध्यापक म्हणाले, तर मग ठरल्याप्रमाणे.

मी कसा उभा राहिलो, कळलं नाही. पिशवीतून ते काढलं.

"हे मी शिवलंय. माझी बायको यावरून शिकवायची. याच्याच आजाराने गेली. इतकं शिकवणारी बाई, तिलाही घरात सांगायला जमलं नाही. ज्यांना कुणी शिकवणारच नाही, ती मुलं कशी सांगतील?"

आणखी पुष्कळ होतं. बसलो.

आमोदच्या वडिलांनीच पाण्याची बाटली पुढे केली. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, एक तास घ्या. मुलगे बसतील, पण मागच्या बाकांवर!

सरोजिनीबाई म्हणाल्या, हरकत नाही, त्यांना तसंही तिथेच आवडतं.

पिशवी शाळेत ठेवून आलो. परतताना हात रिकामे वाटत होते.

२२ जुलै, मंगळवार

घरात कुणी नव्हतं. तिचा चहाचा कप घासून परत जागेवर ठेवला.

२६ जुलै, शनिवार

तास झाला. मिसबा सांगत होती — मुलगे आधी खिदळले, मग गप्प झाले. कापडी नळ्या हातोहात फिरल्या. वर्गातल्या अरबाजने विचारलं, मुलींना दुखतं म्हणजे नेमकं कुठे दुखतं? कुणी हसलं नाही. सरोजिनीबाईंनी दाखवलं, आणि मुलग्यांच्या शरीराचंही सांगितलं.

शेवटी कमरजहां द्यायची तोच गृहपाठ दिला. घरातल्या एका मोठ्या माणसाला आपल्या शरीरातली एक गोष्ट सांगायची. नाव घेऊन. 'तिथे', 'तसलं', 'ते' चालणार नाही. वहीत काही लिहायचं नाही, फक्त सांगायचं.

हा गृहपाठ मला ठाऊक नव्हता. इतक्या वर्षांत.

आई स्वयंपाकघरात होती, तरी मिसबा माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "दादा, मला पाळीत पोटात फार दुखतं. मी खोटंच डोकं दुखतंय सांगते. क्लास बुडतो म्हणून पप्पा ओरडतात."

मी जमिनीकडे पाहत होतो. मग तिच्याकडे पाहिलं. म्हटलं, बरं झालं सांगितलंस. आईला सांगू, डॉक्टरांकडे जाऊन ये. एवढंच सुचलं.

"आता तुमचं?"

म्हटलं, गृहपाठ मुलांना असतो.

"दादी म्हणायची, यात मोठेच नापास होतात."

हसत उठून गेली ती.

२८ जुलै, सोमवार

सकाळी मुलगा, तन्वीर, ऑफिसला निघायच्या आधी चहा घेत होता. दोनदा तोंड उघडलं. पावसाचं बोललो.

२९ जुलै, मंगळवार

आज सांगितलं. तन्वीरला, मेहजबीनसमोर, नाव घेऊन — माझ्या लघवीतून रक्त जातं. त्याने कप खाली ठेवला. उद्या डॉक्टरांकडे जायचंय.

कधीपासून, त्याने विचारलं. रमजानच्या आधीपासून, म्हणालो.

म्हणजे ती होती तेव्हापासून.